उजव्या कानात कोणीच नाही

माझा स्वभाव संशयी आहे, हे माझ्या लग्नाआधीच सासरच्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं. आमचे हे तर म्हणतात, मी दुधाची पिशवी घेतानासुद्धा आत दूधच आहे ना असं विचारते. म्हणू देत. रत्नागिरीत राहायचं आणि हापूस म्हणून कर्नाटकचा आंबा गळ्यात मारून घ्यायचा नाही, तर माणसाने थोडं संशयी असावंच लागतं. पण अंगठ्याएवढ्या एका माईकसाठी मी त्या वर्षी बाजारात जी भांडणं केली, ती नुसत्या स्वभावामुळे नव्हती.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. बाबा पालीच्या पुढे, हमरस्त्यापासून आत, आमच्या गावच्या घरी एकटेच राहायचे. आई आधीच गेली होती. धाकटा भाऊ मुंबईत नोकरीला आणि मी कॉलेजच्या ऑफिसात, रत्नागिरीत. दिवाळीच्या सुमारास बाबांचा आवाज बसला तो बसलाच. सुंठ झाली, मध झाला, ज्येष्ठमध झालं, फरक काही पडेना. शेवटी भावाने त्यांना मुंबईला नेऊन तपासण्या केल्या आणि मला ऑफिसात फोन केला.

"ताई, घशात आहे. कॅन्सर. स्वरयंत्र पुरतं काढावं लागणार. जीव वाचेल म्हणतात डॉक्टर, पण आवाज नाही राहायचा."

"बाबांना सांगितलंस?"

"गाठ काढणार एवढंच सांगितलंय. तूही तेवढंच सांग. आवाज जाणार म्हटलं तर ते टेबलावर झोपायचेच नाहीत. तुला माहीत आहेत ना बाबा?"

मला माहीत होते. गावाचं गाऱ्हाणं बाबा घालायचे. देवळात, पालखीपुढे, कोणाच्या घरभरणीला, कोणी चाकरमानी नोकरीवर परत निघाला तरी, बाबांनी देवासमोर उभं राहायचं आणि गावाच्या वतीने देवाशी बोलायचं. ते एकेक वाक्य बोलणार आणि मागे उभी असलेली मंडळी एका आवाजात म्हणणार, "होय म्हाराजा!" ते 'होय' मिळाल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. हे काम त्यांच्या बापाकडून त्यांच्याकडे आलेलं. आवाज देऊन जीव वाचवून घ्या म्हटलं असतं, तर बाबांनी हा सौदा सरळ नाकारला असता. आणि मला माझा बाप जिवंत हवा होता. त्यामुळे मी भावाला म्हटलं, बरं, नाही सांगत.

तपासण्या करून परत आलेले बाबा शिमगा झाल्याशिवाय पुन्हा गाव सोडायला तयार नव्हते, म्हणून ऑपरेशन शिमग्यानंतरचं ठरलं. तेवढ्यात त्यांचा आवाज भरून ठेवायचा असं मी मनाशी ठरवलं. शिमग्याला घरातला जुना टेपरेकॉर्डर पिशवीत घालून नेला. पण आम्ही बायका उभ्या राहणार मागे, आणि बाबा पुढे पालखीपाशी. घरी येऊन कॅसेट लावली तर ढोल, पोरांची रडारड आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकूंचं, "माझी चप्पल कुठे गेली गो?" हे सगळं स्वच्छ. बाबा कुठेतरी विहिरीच्या तळाशी. मी रडले, आणि मग मला भयंकर राग आला. काकूंच्या चपलेचासुद्धा.

ह्यांनी तेव्हा आपलं एक यंत्र कपाटातून काढून दिलं. मस्कतहून परत आलेल्या त्यांच्या मित्राकडून ते घेतलेलं होतं. खिशात मावेल एवढं, त्यात छोटी चकती घालायची, मिनीडिस्क म्हणतात ती, आणि तिच्यावर आवाज भरायचा. आवाज इतका साफ यायचा की श्वाससुद्धा ऐकू येई. फक्त त्याला स्वतःचा माईक नव्हता, तो वेगळा घ्यावा लागणार होता. "स्टिरीओ घे," हे म्हणाले. "म्हणजे डावीकडचं डाव्या कानात, उजवीकडचं उजव्या कानात. कोण कुठे उभा आहे तेसुद्धा कळतं."

"कळून काय करायचंय?"

"अगं, बाबा मधे आणि मंडळी दोन्ही बाजूंना. देवळात उभं राहिल्यासारखं वाटेल."

मला हे सगळं दुकानदारांनी जास्त पैसे काढायला लावलेलं खूळ वाटलं. माणसाला तोंड एक, तर त्याला दोन माईक कशाला? पण ह्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावून एक नाट्यगीत वाजवलं. तबला डावीकडे, पेटी उजवीकडे, आणि गाणारा बरोबर माझ्या कपाळात. दुसऱ्या दिवशी मी बाजार गाठला.

बाजारातल्या पहिल्या दुकानदाराने कपाटाच्या मागून धूळ बसलेली एक डबी काढली. आत एक काळा माईक, त्याला दोन बाजूंना दोन जाळ्या. "घ्या वहिनी. स्टिरीओ. इंपोर्टेड."

"वाजवून दाखवा."

"माईक कसा वाजवून दाखवणार? माईक वाजत नसतो."

"मग मी दाखवते," म्हणत मी पर्समधून यंत्र काढलं. आदल्या दिवशी ह्यांनी मला एक खूण शिकवून पाठवलं होतं. पिनेवरच्या काळ्या रेघा बघायच्या. रेघ एकच असेल तर माल साधा, दोन असतील तर स्टिरीओ. इथे रेघा दोन होत्या. त्या बघून आमचे हे पैसे देऊन घरी आले असते. मी हेडफोन कानाला लावला आणि डावी जाळी नखाने खरवडली. दोन्ही कानांत सारखंच खरखरलं. उजवी जाळी खरवडली, तर कुठेच काही नाही.

"ह्याच्यात आत एकच आहे," मी म्हटलं. "दुसरी जाळी शोभेची."

"काय तरी बोलू नका वहिनी. कंपनीचा माल आहे."

"कुठल्या कंपनीचा? नाव दाखवा."

डबीवर नाव होतं, पण त्यातलं एक अक्षर चुकलेलं होतं. मी ते त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाहेरच्या देशात असंच लिहितात. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसायला लागली, आणि मग त्याने डबी काढून घेतली. "तुम्हाला घ्यायचाच नाही," असं तो वर मलाच म्हणाला. मला चुना लावायला निघालेला माणूस, आणि तोंड बघा केवढं!

दुसऱ्या दुकानातला माईक खरोखरच स्टिरीओ निघाला. छोटासा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा, सरळ यंत्रातच खोचायचा. दिसायला फार गोड. घरी आणून स्वयंपाकघरात लावला तर पंखा, कुकर, माझ्या बांगड्या, सगळं छान, पण त्याच्या खाली एक घर्र-घर्र सतत. मी आधी फ्रीज बंद केला. मग पंखा. मग शेजाऱ्यांना जाऊन विचारलं की तुमच्याकडे काही चालू आहे का. घर्र-घर्र होतीच. ह्यांच्या लक्षात आलं की यंत्रात चकती फिरते तिचाच तो आवाज, आणि माईक यंत्राच्या अंगालाच चिकटलेला, म्हणून तेच पहिलं ऐकतो. बाबांचा आवाज आधीच घोगरा, त्यात ही गिरणी कोणाला हवी होती? तो परत करताना पुन्हा भांडण. माल घेताना गोड बोलणारी माणसं परत घेताना कशी बोलतात, हे बाजारात जाणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

तिसरा माईक शेवटी मुंबईहून मागवावा लागला. भावाला फोनवर सगळं समजावलं. दोन रेघांची पिन, दोन्ही जाळ्या खरवडून बघ, आणि वायर असलेलाच आण, म्हणजे यंत्र लांब ठेवता येईल. भाऊ म्हणाला, "ताई, मला ऑपरेशनचं बघायचं आहे. रक्त जमवायचं आहे. तुझं काय हे माईक-माईक?" मी फोन आपटला. मग परत लावला. त्याने माईक आणून एका ओळखीच्या माणसाबरोबर गाडीने पाठवला.

तो मी मांडवीच्या समुद्रावर नेऊन तपासला. संध्याकाळची वेळ. मी वाळूत बसले, कानाला हेडफोन, हातात माईक, आणि हे माझ्यासमोरून डावीकडून उजवीकडे सतराचा पाढा म्हणत चालत गेले. पाढासुद्धा बरोबर सरकत गेला. डोळे मिटले तरी मला बोट दाखवून सांगता येत होतं, आता इथे एक्कावन्न, आता तिथे अडुसष्ट. वारा आला की मात्र कान फुटेलसा घोंघावायचा, मग जाळीवर स्पंजची टोपी बसवली. फिरायला आलेले लोक आमच्याकडे बघत होते. एका बाईंनी येऊन विचारलं की तुम्ही सरकारतर्फे काही मोजताय का, आमची बिल्डिंग पाडणार आहेत का. संशय घेणारी रत्नागिरीत मी एकटीच नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

माईक पास झाला आणि तिथून माझी खरी चिंता सुरू झाली. हे सगळं बाबांसमोर काढायचं कसं? काय सांगायचं?

भाऊ त्यांना न्यायला येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. बाबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मी चहा दिला, इकडचं तिकडचं बोलले, आणि अगदी सहज सुचल्यासारखं यंत्र काढून पुढ्यात ठेवलं.

"काय गो हे?"

"आवाज भरायचं यंत्र. ह्यांनी घेतलंय. म्हटलं तुमचं गाऱ्हाणं भरून घेऊ."

"कशाला?"

"कॉलेजात हवंय. मराठीच्या सरांना." ही थाप मी एसटीत बसून तयार केली होती.

बाबांनी माईक उचलला, डोळ्यांजवळ नेला, स्पंजची टोपी काढली, परत घातली. मला वाटलं आता विचारतील, सरांना आत्ताच कशी आठवण झाली? पण ते म्हणाले, "गाऱ्हाणं असं भरायला म्हणून घालत नाय. देवाला काय सांगायचं असलं तर घालतात. काय काम नसताना हाक मारली तर तो काय म्हणंल?"

"बरं, राहू दे."

"राहू दे कशाला? उद्या मुंबईस जायचं हाय ना? देवाला सांगूनच निघायचं. तेव्हा भर तुझ्या सरांसाठी."

इतक्या लवकर कबूल झाले! माझ्या बापाने आयुष्यात कोणतीही गोष्ट पहिल्या फेऱ्यात कबूल केलेली नव्हती, शेजाऱ्याच्या बांधापासून माझ्या लग्नापर्यंत. माझ्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं. 'सरांसाठी' म्हणताना त्यांच्या आवाजात काहीतरी होतं का? मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तर ते सुपारीकडे बघत होते.

भाऊ सकाळी आला. मी त्याला मागच्या पडवीत ओढून विचारलं, "तू काही बोललास का त्यांना?" तो म्हणाला, "वेडी आहेस का? तूच काहीतरी बोलली असशील." आम्ही दोघं एकमेकांवर संशय घेत परत माजघरात आलो.

देवांपुढे नारळ, विडा, तांदूळ मांडलेले होते. मी माईक छोट्या स्टँडवर लावून देवांच्या बाजूला, बाबांकडे तोंड करून ठेवला आणि यंत्र वायरीने लांब नेलं. बाबा हात जोडून उभे राहिले. होय म्हणायला गाव नव्हतं, आम्ही दोघंच. एरवी मागे उभ्या राहणाऱ्या बायका होय म्हणत नाहीत, पण बाबांनी मला स्वतःच खूण केली. "तू ह्या बाजूला, तो त्या बाजूला. दोघांनी नीट होय म्हणायचं. कसर करायची नाय." भाऊ माईकच्या डाव्या अंगाला आला आणि मी उजव्या. मी बटण दाबलं.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या पायाशी आज तुझी लेकरं उभी हायत."

"होय म्हाराजा!"

"आज ह्यो तुझा म्हातारा गावाची शीव सोडून मुंबईस चाललाय. वाटेत जी काय इडापिडा असंल, ती तू वाटेतच अडव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आवाज घोगरा होता, मधेच फाटत होता, पण गाऱ्हाण्यात तो आपोआप उंच गेला. मनात म्हटलं, मिळाला. आता कोणीही काहीही कापू दे, हा माझ्याकडे राहील. गाव झालं, गुरं झाली, मुंबईतली माणसं झाली, नातवंडं झाली. प्रत्येकाला आम्ही होय म्हणत गेलो. मग बाबा थांबले. गाऱ्हाणं संपलं असं समजून मी यंत्राकडे हात नेला.

"म्हाराजा, ह्या पोरांना वाटतंय की म्हाताऱ्याला काय ठाव नाय."

माझा हात तिथेच राहिला. भावाने माझ्याकडे बघितलं.

"मला ठाव हाय. माझा आवाज जायचा हाय. पोरांना बापासाठी खोटं बोलावं लागलं, त्याचा दोष त्यांच्या माथी लावू नको म्हाराजा!"

भाऊ कसाबसा म्हणाला, "होय म्हाराजा." मीही म्हटलं. तोंडातून बाहेर आलं की नाही, देव जाणे.

"आणि ह्यो आवाज तूच दिलेला होतास. एवढी वर्षं तुझ्याच कामाला लावला. आज तो तुझ्या पायाशी ठेवतंय. तो तुझा तू घे, आणि आमच्यावर राग ठेवू नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा," भाऊ म्हणाला आणि रडायला लागला.

मी म्हणाले नाही. मला म्हणायचं नव्हतं. घे म्हणून सांगायला मी काय वेडी होते? ज्या आवाजासाठी मी बाजारभर भांडत फिरले, तो माझ्याच तोंडाने होय म्हणून देऊन टाकू? मी बटण दाबून यंत्र बंद केलं.

बाबा पाटावर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "लाव बघू, कसं आलंय." मी हेडफोन त्यांच्या टोपीवरून कानांना लावून दिला. ते डोळे मिटून ऐकत होते. अधूनमधून मान हलवायचे. शेवटी शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि उजव्या कानावरचा हेडफोन बोटाने दाबून धरला.

"ह्या कानात ह्यो बोललाय," त्यांनी डावीकडे बोट दाखवलं. "ह्या कानात कोणीच नाय. बाय, तू होय म्हणालीस नाय."

एवढ्या खटपटीने आणलेला माईक, आणि त्याने पहिलं पकडलं ते मलाच. साधा असता तर एकाच्या होयमध्ये दोघांचं खपून गेलं असतं.

"नाही म्हणाले," मी सांगितलं. "आणि म्हणणारही नाही. देवाला हवा असेल तर त्याने काय ते बघावं. मी घे म्हणणार नाही."

"गाऱ्हाणं अर्धं ऱ्हायलं मग."

"राहू दे अर्धं!"

मला वाटलं रागावतील. ते हसले. हसताना खोकला आला. मी पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, "तुम्हाला सांगितलं कोणी?"

"कोण सांगणार? मी ऐकलं नाय, बघितलं. बरा होऊन परत येणाऱ्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतं गो?"

भाऊ माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग जाऊ नका," मी एकदम म्हटलं. "नको ते ऑपरेशन. नको असेल तर नका जाऊ."

"जायचं हाय," बाबा म्हणाले. "तुम्ही दोघं एवढं खोटं बोललात, मी मेलो तर सगळं फुकट जाईल." आणि पिशवी उचलून ते ओटीवर जाऊन चपला शोधायला लागले.

ऑपरेशन ठीक झालं. पावसाआधी बाबा घरी आले. गळ्याला एक भोक, त्यावर जाळीचं पांढरं फडकं, आणि आवाज नाही. नुसता श्वास, सुं सुं. बोलायला ओठ हलायचे आणि आम्ही ओठांवरून ओळखायचो. चुकीचं ओळखलं की चिडायचे, पण चिडल्याचा आवाज येत नसे. तेच मला सगळ्यात कठीण गेलं. ज्या माणसाच्या ओरडण्याला लहानपणी घाबरलो, तो नुसता हात आपटत होता.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नारळ मागवला. देवांपुढे विडा मांडला. मला वाटलं, भावाला गाऱ्हाणं घालायला सांगणार. पण त्यांनी माझ्या पर्सकडे बोट दाखवलं, मग कानाकडे, मग देवांकडे. मला कळलं. भावाने मुंबईहून दोन छोटे स्पीकर आणले होते. ते आम्ही देवांच्या दोन बाजूंना ठेवले आणि यंत्राला जोडले. बाबा मधे हात जोडून उभे राहिले.

बाबांचा आवाज घरात आला. घोगरा, फाटका, पण उंच. समोर उभे असलेले बाबा ओठांनी एकेक शब्द त्याच्याबरोबर म्हणत होते. डाव्या स्पीकरमधून भाऊ होय म्हणत होता, उजव्यातून मी. खरा भाऊ आणि खरी मी गप्प उभे होतो. गाव झालं, गुरं झाली, नातवंडं झाली. मग ते वाक्य आलं. तो तुझा तू घे, आणि आमच्यावर राग ठेवू नको म्हाराजा.

डावीकडून भाऊ म्हणाला, होय म्हाराजा. उजवीकडे काही नाही.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. ओठही हलवले नाहीत. नुसते थांबले, गाऱ्हाण्यात मंडळींच्या होयसाठी थांबायचे तसे.

मी म्हटलं, "होय म्हाराजा."

मग त्यांनी हात खाली घेतले.